टाकीवरची खडूची रेघ

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. एका ठिकाणी घातलं आहे, ते शेवटाजवळ येतं आणि फार मोठं नाही. कुठलं ते मी आपणहून कबूल करीन, कोणावर माझी मानगूट धरायची वेळ आणणार नाही. आणखी एक. हे घडलं तेव्हा मी त्या खोलीत नव्हतो. होतो असं दोघातिघांना सांगितलं आहे, पण नव्हतो.

आता निरीक्षकसाहेबांकडे येऊ.

साहेब वजनमापे खात्यात होते. दुकानोदुकानी जायचं, काटा तपासायचा, तो किती ग्रॅमने खोटं बोलतो ते लिहून घ्यायचं, आणि खरं बोलत असेल तर तार ओवून त्यावर शिशाचं सील दाबायचं. तीस वर्षं हेच. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या बुडातलं मेण, तोलताना हळूच टेकणारी करंगळी, सगळं त्यांनी पकडलं होतं. त्यातून त्यांचं एक मत तयार झालं होतं आणि ते जेवतानासुद्धा सांगायचे: "माप आपणहून चुकत नाही. चुकलं, की मागे कोणाचा तरी हात असतो. हात शोधा."

घरात बायको, ती सकाळच्या शाळेत गणित शिकवायची. आणि तिचे वडील. सासरे जन्मभर शिंपी होते, बायको गेल्यापासून मुलीकडे राहायला आले होते. गळ्यात टेप, खिशात निळा खडू, आणि डावा पाय जरा ओढत चालायची सवय. सप्-टक, सप्-टक. घरात ते कुठे आहेत हे न बघता कळायचं. त्यांची खोली मागची, हॉलच्या भिंतीपलीकडे. तिला मागच्या अंगणात उघडणारं वेगळं दार होतं.

एक मेव्हणाही होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. साहेबांच्या मते त्याच्या दहा वाक्यांतली नऊ थापा असत आणि दहावं उसनं घेतलेलं. त्याचं काम फक्त फोन उचलण्यापुरतं आहे.

आणि टाकी. हॉलमध्ये, सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीला लावून ठेवलेली, शंभर लिटरची, खाऱ्या पाण्याची. तळाला वाळू, वर खडक, खडकांवर बोटं हलवणारं प्रवाळ, नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी आणि एक कोळंबी. मध्यभागी एक मोठा खडक, आरपार भोक असलेला, कमानीसारखा. दुकानदाराने सांगितलं होतं, हा खऱ्या समुद्रातला. समुद्र त्या गावाहून आगगाडीने दोन दिवस लांब.

२

खाऱ्या टाकीचं एक गणित असतं, ते समजलं तर पुढचं सगळं समजेल. उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं गोडं, शुद्ध पाणी वरून भरायचं. नवशिके नेमकं खारं पाणी भरतात, मग खारेपणा चढत जातो आणि महिन्याभरात प्रवाळ पांढरं पडतं. साहेब नवशिके नव्हते. काचेवर त्यांनी काळी रेघ मारली होती. रोज सकाळी सात वाजता रेघेशी डोळा लावायचा, पाणी अर्ध्या बोटाने खाली गेलेलं असायचं, तेवढं भरायचं. मग डोळ्याला लावायच्या एका छोट्या नळीतून खारेपणा बघायचा. पस्तीस. दोन वर्षं पस्तीस. खात्यातल्या काट्यांनी धडा घ्यावा असं पस्तीस.

त्या सोमवारी पाणी रेघेच्या वर होतं. बोटभर.

साहेबांनी चष्मा पुसला. पाणी तिथेच.

त्यांनी नळी काढली. कोणी नळाचं पाणी ओतलं असेल तर खारेपणा उतरलेला असणार, तेहतीसवर तरी. नळीत पस्तीस दिसलं.

म्हणजे कोणीतरी बोटभर पाणी ओतलं होतं, आणि तेही मोजून मापून, समुद्राइतकंच खारं करून. साहेबांना भीती वगैरे वाटली नाही. त्यांना राग आला. दुकानदार फसवतो त्याचं ते समजू शकत होते, त्याला पोट आहे. पण घरात, आपल्याच टाकीत, कोणीतरी इतक्या सफाईने हात घालतं?

"टाकीत पाणी कोणी ओतलं?" त्यांनी चहाच्या वेळी विचारलं.

"मला शाळेला उशीर होतोय," बायको म्हणाली.

"मी विचारतोय काय, तू सांगतेस काय."

"अहो, मला माझ्या डोक्यावर दोन तांबे ओतायला वेळ मिळत नाही. मी तुमच्या माशांना कुठे आंघोळ घालत बसू?"

सासरे बशीतला चहा फुंकत होते. ते म्हणाले, "आलं असेल."

"काय आलं असेल?"

"पाणी."

"बाबा, पाणी येत नसतं. पाणी आणलं जातं."

सासऱ्यांनी बशी तोंडाला लावली. जावयाशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

३

तीन-चार दिवस हेच चाललं. सकाळी पाणी वर, संध्याकाळी ऑफिसातून यावं तर वर. आणि बायको म्हणायची, दुपारी मी आले तेव्हा तर चांगलं दोन बोटं खाली होतं, पंपाला हवा लागून घुटुक-घुटुक आवाज येत होता.

"म्हणजे ओततो, काढतो आणि परत ओततो?" साहेब म्हणाले. "कोण इतका रिकामटेकडा आहे या घरात?"

बोलून झाल्यावर तिघांच्याही लक्षात आलं, की रिकामा माणूस घरात एकच आहे.

बायकोने भाजीची सुरी खाली ठेवली. "एकदा परत म्हणा."

"मी कोणाचं नाव घेतलं नाही."

"घेऊ नकाच."

सासरे उठून खोलीत गेले. सप्-टक, सप्-टक. दार लागलं.

साहेब तिरीमिरीत टाकीपाशी गेले आणि तेव्हा त्यांना त्या दिसल्या. टाकीच्या बाजूच्या काचेवर, जिथे सहसा कोणी बघत नाही तिथे, निळ्या खडूच्या रेघा. बारीक, सरळ, एकाखाली एक. प्रत्येकीजवळ शिंप्याच्या नेटक्या अक्षरात आकडे. सात. सात पन्नास. आठ चाळीस. साडेनऊ.

साहेबांनी असे आकडे जन्मभर वाचले होते. हा तर कबुलीजबाब होता. कोणत्या दिवशी किती वाजता ओतलं त्याची नोंद. चोराने हिशोब लिहून ठेवावा आणि तोही चोरीच्या मालावर, इतका निर्लज्जपणा त्यांनी बाजारातही पाहिला नव्हता.

ओल्या फडक्याने त्यांनी सगळ्या रेघा पुसून टाकल्या. पुराव्याला हात लावू नये, हे ते इतरांना शिकवत असत.

४

दुकानदाराकडे ते गेले तेव्हा तो पिशवीत मासे भरत होता.

"माझ्या टाकीत पाणी वाढतंय," साहेब म्हणाले.

"कमी होत असेल, साहेब."

"वाढतंय म्हणतोय मी. आणि परत उतरतंय. दिवसातून दोनदा."

दुकानदाराने पिशवीला रबर लावलं. "रोज त्याच वेळेला?"

"रोज जरा उशिरा."

"पाऊण तास? पन्नास मिनिटं?"

साहेबांना तो प्रश्न आवडला नाही. दुकानदाराने तो विचारलेलाच नाही असं त्यांनी धरलं. "तुम्ही तो भोकाचा खडक कुठून आणलात?"

"मी नाही आणला. एकजण टाकी मोडायला निघाला होता, त्याने आणून दिला. म्हणाला, पैसे नकोत, फक्त घेऊन जा." दुकानदाराने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्हाला परत करायचाय का? मी घेणार नाही, ते आधीच सांगतो."

"तुमचा काटा मागच्या वर्षी चार ग्रॅमने खोटा निघाला होता," साहेब म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

५

रविवारी साहेबांनी टाकीला सील ठोकलं.

काचेचं झाकण, त्यावर आडवी-उभी तार, तारेच्या गाठीवर शिशाची चकती आणि तिच्यावर सरकारी पक्कड. माशांना खाणं टाकायला बोट जाईल एवढं एकच भोक ठेवलं. मग कागदावर रीतसर पंचनामा लिहिला: सकाळी सात, पाणी रेघेखाली दोन बोटं, सील शाबूत. बायकोसमोर सहीला कागद धरला.

"मी सही करणार नाही."

"साक्षीदार लागतो."

"माशांची घ्या."

सही सासऱ्यांनी केली. चष्मा लावून, पूर्ण नावाने, खाली टिंब देऊन. मग म्हणाले, "जावईबापू, बारापर्यंत बसा. बाराला दिसेल."

साहेब खुर्ची टाकून बसले. मासे फिरत होते. पंप घुमत होता. पाणी काही हलताना दिसत नव्हतं. पण घड्याळाचा तासकाटा तरी कुठे हलताना दिसतो? नऊ वाजता त्यांना वाटलं, रेघेजवळ आलंय. वाटलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. साडेदहाला ते दोन मिनिटं आत जाऊन आले. बाराला पाणी रेघेच्या वर दीड बोट होतं. सील शाबूत. पाणी बदलायला टेबलाखाली ठेवलेली मीठ कालवलेली बादली त्यांनी मोजून ठेवली होती, तीही तसूभर कमी झालेली नव्हती.

दुसरा कोणी असता तर इथे हादरला असता. साहेब लालबुंद झाले.

"मी दोन मिनिटं आत गेलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात नळी घालून ओतलं. त्या भोकातून."

"कोणी?" बायकोने विचारलं.

"ज्याला बाराची वेळ आधीपासून माहीत होती त्याने."

सासरे दारात उभे होते, टेपचं टोक बोटाला गुंडाळत.

"बाबांनी तुमच्या टाकीत पाणी ओतलं," बायको सावकाश म्हणाली, वर्गातल्या ढ मुलाकडून उत्तर वदवून घ्यावं तशी. "दिवसातून दोनदा, बादलीभर पाणी. कमरेत वाकता येत नाही त्यांना. अहो, तुम्हाला ऐकू येतंय का तुम्ही काय बोलताय?"

"मला माप दिसतंय. माप चुकलंय. मागे हात आहे."

"मग तो हात मी माझ्याबरोबर घेऊन जातो," सासरे म्हणाले.

६

मुलाकडे न्यायचं सामान म्हणजे एक पेटी आणि शिलाईची कात्री. बायको रडत नव्हती. ती भांडी घासत होती, आणि ती अशी की शेजाऱ्यांना कळावं. साहेबांना वाटत होतं कोणीतरी आपल्याला थांबवावं. पण थांबवणं ज्याच्या हातात होतं तो माणूस ते स्वतःच होते, आणि ते तर नीतीच्या बाजूने उभे होते.

सासरे दारात वळले.

"जावईबापू, रागावू नका, पण रेघा पुसायला नको होत्या. ते मोठं होत चाललंय. मी माप ठेवत होतो."

"कशाचं?"

"भरतीचं." त्यांनी हा शब्द असा उच्चारला, जसा गिऱ्हाइकाला त्याच्या पोटाचा घेर सांगावा, हळू आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असा. "चंद्र नसेल त्या दिवशी जपा. त्या दिवशी सगळ्यात जास्त येतं. आणि त्याआधी सगळ्यात लांब जातं. माझ्या खोलीतल्या भिंतीला एकदा जीभ लावून बघा."

"भिंतीला जीभ?"

"बोट लावा मग. तुमचं पद मोठं आहे."

ते गेले. मागच्या दाराची किल्ली द्यायला विसरले, असं साहेबांना वाटलं.

७

पाणी वाढतच राहिलं.

याचा साहेबांना इतका संताप आला, की जणू सासऱ्यांनी दहा मैलांवरून हट्टाने ओतायचं चालू ठेवलं होतं. मंगळवार. बुधवार. सील शाबूत, खारेपणा पस्तीस, आणि पाणी रोज पन्नास मिनिटं उशिरा. खरं तर आता माफी मागायला हवी होती. बायको दर जेवणाला न बोलता तेच सांगत होती. ती रोज संध्याकाळी भावाकडे जाऊन वडिलांना भेटून यायची आणि येताना एक वाक्य आणायची. "बाबा विचारत होते, काल कितीला आलं." "बाबा म्हणत होते, रेघ मारून ठेवा." साहेब म्हणायचे, बघू. तीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितलेली नव्हती. काटा चुकतो, निरीक्षक नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते सासऱ्यांच्या खोलीत गेले, कपाटातून काही घ्यायला. कॉट, खुर्ची, भिंतीवर खुंटी. जमीन कोरडी ठणठणीत. पण भिंतीवर घोट्याइतक्या उंचीवर चारही बाजूंनी एक पांढरी रेघ होती. मिठाची. सरळ, एका पातळीत, पाणसळ लावून आखावी तशी. तिच्याखाली सासऱ्यांचा निळा खडू: तारीख, वेळ. आणि वर, गुडघ्याच्या खाली, मिठाची आणखी एक रेघ. तिच्याजवळ खडू नव्हता. ती सासरे गेल्यानंतरची होती.

साहेबांनी बोट लावलं. मग आजूबाजूला बघून, जीभ.

त्या दिवसापासून त्यांना बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या, आणि प्रत्येक गोष्टीचा वेगळा राग येऊ लागला. दारातल्या चपला सकाळी हॉलच्या मध्यावर सापडायच्या, टोकं टाकीकडे केलेल्या. वर्तमानपत्र कोचाखाली सरकलेलं, टाकीकडे. बायकोच्या लोकरीचा गुंडा उलगडत उलगडत टाकीच्या पायाशी. घरातली जी वस्तू जमिनीवर सुटी होती ती सगळी एकाच दिशेला जरा जरा ओढली गेली होती. ओली काहीच नव्हती.

"हे घर माझ्या नावावर आहे," साहेब एकदा टाकीला उद्देशून मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं. त्यांना आपलाच आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला.

८

तिसऱ्या आठवड्यातला शनिवार. आकाशात त्या दिवशी चंद्र नव्हता, पण साहेबांनी काही ते लक्षात ठेवलं नव्हतं. निदान ते तसं म्हणतात. अर्धा दिवस भरून ते घरी आले. बायको शाळेच्या कामाला थांबली होती. लख्ख दुपार होती, पडद्यातून ऊन जमिनीवर पडलं होतं.

तीन वाजता पाणी रेघेखाली चार बोटं होतं. चारला टाकी जवळजवळ रिकामी. प्रवाळ उघडं पडून चिकट, मिटलेलं. मासे कमानीच्या पायथ्याशी उरलेल्या ओंजळभर पाण्यात एकमेकांना चिकटून. पंप कोरडा घरघरत होता, तो त्यांनी बंद केला. सील शाबूत होतं, जमीन कोरडी होती, आणि ऐंशी लिटर पाणी कुठे गेलं ते विचारायला साहेबांपाशी माणूस उरला नव्हता.

पंप बंद झाल्यावर त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. फार लांब कोणीतरी जड गोणी वाळूतून ओढत नेतंय, थांबतंय, परत ओढतंय, असा.

आणि मग, साडेचारच्या सुमारास, भिंतीपलीकडे, सासऱ्यांच्या खोलीत: सप्-टक. सप्-टक.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. एवढंच नाही, त्यांना आनंद झाला. अखेर हात सापडला. मागच्या दाराने येतात, किल्ली म्हणून तर ठेवली. उठून मधलं दार उघडायला चार पावलं पुरली असती. पण तीस वर्षांच्या नोकरीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: करंगळी टेकेपर्यंत हलायचं नाही. मुद्देमालासकट पकडायचं. ते खुर्चीतच बसले आणि पावलं मोजू लागले.

खोली दारापासून भिंतीपर्यंत दहा पावलांची होती.

आठ. नऊ. दहा.

अकरा.

बारा. तेरा. पाय तसाच ओढत, न घाई करता, सरळ टाकीच्या दिशेने. वीस. तीस. आवाज बारीक होत चालला, पण थांबला नाही. चाळीस मोजल्यावर साहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कमानीच्या भोकातून पाहिलं.

कमानीमागे टाकीची मागची काच असायला हवी होती. काचेमागे भिंत. भिंतीमागे खोली, कॉट, खुंटी. तिथे ओली वाळू होती. उन्हात चकाकणारी, सपाट, डोळा पोचेल तिथपर्यंत, आणि डोळा थांबल्यावरही पुढे. वाळूवर पावलं उमटली होती. उजवं स्वच्छ, डावं ओढलेलं. कमानीजवळची पावलं नखाएवढी होती. लांब जाताना ती लहान व्हायला हवी होती. ती मोठी होत गेली होती.

आणि जिथे ती माणसाच्या पावलाएवढी झाली होती तिथे कोणीतरी वाकून उभं होतं, पाठमोरं. ते दोन्ही हातांनी वाळूवर टेप ताणून धरत होतं. त्याच्यापलीकडे, आकाशाच्या कडेला, एक पांढरी रेघ होती. ती सरळ होती, एका पातळीत होती, आणि जाड होत होती.

"बाबा," साहेब म्हणाले. काचेवर त्यांनी बोटं वाजवली.

त्या माणसाने न वळता एक हात वर केला. माप घेताना गिऱ्हाईक हललं की सासरे करायचे तसा. जरा थांबा.

साहेबांचा हात तारेकडे गेला. सीलवर बोटं टेकली आणि तिथे अडकली. तोडायला एक झटका पुरला असता. पण बोटं ऐकेनात; सील तोडणाऱ्याला काय शिक्षा असते ते ती बोटं तीस वर्षं लोकांना सांगत आली होती. किती वेळ गेला ते साहेबांना सांगता येत नाही. पहिलं पाणी कमानीतून आत आलं तेव्हा माशांनी शेपट्या हलवल्या. मग कमान भरली, आणि कमानीमागे काच होती, आणि काचेमागे भिंत.

९

त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"बाबांना दे."

"बाबा नाहीत. चारच्या आधीच निघाले की तुमच्याकडे," मेव्हणा म्हणाला. "म्हणत होते, आजचं माप घ्यायचं राहिलंय, जावईबापूंना काही त्यातलं कळत नाही. अजून पोचले नाहीत का?"

साहेबांनी फोन ठेवला. पाणी रेघेला लागलं होतं. रेघ ओलांडली. चपला जमिनीवरून हलक्याशा सरकल्या.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात सासरे होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पायांना वाळू, गळ्यातला टेप थेंब गाळतोय. "किती वेळ बेल दाबतोय, जावईबापू. झोपला होता काय?"

साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. हात थंड होता, पण हात होता. "बाबा, माझं चुकलं," ते म्हणाले. तीस वर्षांनी आलेला शब्द, जरा गंजलेला होता.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "असं तोंडी नको. पंचनामा करा. सही करायला मुलगी येईलच."

मग ते सप्-टक, सप्-टक करत टाकीपाशी गेले आणि खिशातून खडू काढून त्यांनी काचेवर रेघ मारली.

१०

बेल वाजली, हे मी घातलं आहे.

ओली पँट, थंड हात, पंचनाम्याचा विनोद, सगळं माझं. विनोद बाबांच्या तोंडी शोभतो म्हणून घातला; ते असते तर असंच काहीतरी बोलले असते. फोन उचलणारा मेव्हणा मी. बाबा चपला घालून "येतो" म्हणाले, तेव्हा मी कोणाला तरी एक लांबलचक थाप सांगत होतो. ती रंगात आली होती. मी मान न वळवता हात हलवला.

बाकी सगळं जसं घडलं तसं आहे. मागच्या दाराची किल्ली बाहेरून कुलपात लटकत होती. खोलीत कॉटपासून भिंतीपर्यंत ओली वाळू होती, आणि मिठाची नवी रेघ खुंटीच्याही वर.

ताई साहेबांशी बोलत नाही. माझ्याशीही नाही, आणि मला तिला विचारायचं धैर्य नाही की आमच्या दोघांत कोणाचा अपराध जास्त. मी रविवारी तिथे जातो. साहेब खुर्ची देतात. आम्ही दोघं पाणी उतरेपर्यंत बसतो, कमानीतून बघतो, तिथे काच दिसते, आणि मी उठतो. या माणसाचा मला जितका राग येतो तितका जगात कोणाचाच येत नाही, एक सोडून.

सील त्यांनी तोडलेलं नाही. शाबूत आहे, मी स्वतः हात लावून पाहिलं. आणि बाजूच्या काचेवर रोज सकाळी निळ्या खडूची एक नवी रेघ असते, जवळ नेटक्या अक्षरात वेळ. साहेब ती पुसत नाहीत. पुसायची म्हटली तरी पुसली जात नाही.

ती आतून मारलेली असते.